जनरल फॉन झेंगर: कॅसिनो राखणारा आणि कॉर्सिकात हुकूम नाकारणारा

दुर्गवाट
दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सेनानी म्हटले की आपल्याकडची चर्चा रोमेल, गुडेरियन आणि मानश्टाइन या तीन नावांभोवतीच फिरते. फ्रिडोलिन फॉन झेंगर उंड एटरलिन हे नाव क्वचित निघतं, आणि निघालंच तर 'मोंते कॅसिनोवाला' एवढ्यावर विषय संपतो. मला वाटतं, या माणसाची खरी परीक्षा कॅसिनोच्या डोंगरावर झालीच नाही. ती आधीच, सप्टेंबर १९४३ मध्ये, कॉर्सिका बेटावर झाली होती. म्हणून हा धागा.

जन्म ४ सप्टेंबर १८९१, बाडेनमधल्या वाल्ड्सहूट गावी. ऱ्हाइनच्या काठचं, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून असलेलं हे गाव. घराणं जुनं आणि कॅथलिक. १९१२ मध्ये ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर तो ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेला. सेसिल ऱ्होड्सने मृत्युपत्रात जर्मन विद्यार्थ्यांसाठीही जागा ठेवल्या होत्या आणि त्यांची निवड कैसरच्या हातात होती. दोन वर्षांत युद्ध पेटलं आणि ज्यांच्यासोबत शिकला त्यांच्याच देशाविरुद्ध तो उभा राहिला. इंग्रजी भाषा आणि इंग्रज माणसांची ओळख मात्र आयुष्यभर टिकली. धर्माच्या बाबतीतही तो मनापासून श्रद्धाळू होता. संसारात राहून बेनेडिक्टाइन पंथाचे नियम पाळणाऱ्यांपैकी तो एक. याच पंथाचा मूळ मठ पुढे त्याच्या आघाडीवर यावा, हे कुणी कादंबरीत लिहिलं असतं तर आपण ओढूनताणून म्हटलं असतं.

पहिल्या युद्धानंतरच्या एक लाखाच्या छोट्या सैन्यात तो घोडदळात होता. बढती सावकाश मिळत गेली. १९४० मध्ये फ्रान्सच्या मोहिमेत त्याच्याकडे एक ब्रिगेड होती, आणि नंतर इटली व फ्रान्स यांच्यातल्या युद्धविराम आयोगावर तूरिनला त्याची नेमणूक झाली. तिथे त्याला इटालियन अधिकारी जवळून कळले. पुढे हे फार कामाला आलं.

ऑक्टोबर १९४२ मध्ये तो पूर्व आघाडीवर १७ व्या पँझर (म्हणजे रणगाडा) डिव्हिजनचा प्रमुख झाला. डिसेंबरमध्ये स्टालिनग्राडमध्ये अडकलेल्या पाउलुसच्या सैन्याला सोडवायला जनरल होथचं जे दल निघालं, त्यात ही डिव्हिजन होती. बर्फात अक्साई नदी ओलांडून ते मिश्कोवा नदीपर्यंत पोहोचले. तिथून पुढे जाता आलं नाही आणि पाउलुसने बाहेर पडायचा प्रयत्न केला नाही. झेंगरला फेब्रुवारी १९४३ मध्ये नाइट्स क्रॉस हे शौर्यपदक मिळालं, पण पाउलुसची सहावी आर्मी गेली ती गेलीच.

१९४३ च्या उन्हाळ्यात त्याला सिसिलीत इटालियन जनरल गुत्सोनीकडे संपर्क अधिकारी म्हणून धाडलं. सिसिलीबद्दल फार लिहीत नाही, तिथे त्याच्या हाती प्रत्यक्ष सत्ता थोडीच होती. नंतर सार्डिनिया आणि कॉर्सिका.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीने दोस्तांशी युद्धविराम जाहीर केला. कालपर्यंतचे मित्र एका रात्रीत शत्रू ठरले. कॉर्सिकात इटालियन फौज मोठी होती, डोंगरात फ्रेंच बंडखोर होते, आणि झेंगरला सार्डिनियातून आलेली जर्मन डिव्हिजन बास्तिया बंदरातून मुख्य भूमीवर न्यायची होती. चकमकी झाल्या, इटालियन सैनिक पकडले गेले, त्यांत दोनशेच्या आसपास अधिकारी होते. वरून हुकूम आला: पकडलेल्या इटालियन अधिकाऱ्यांना गोळ्या घाला.

झेंगरने आपला वरिष्ठ, फील्ड मार्शल केसेलरिंग याला फोन केला आणि आपण हे करणार नाही असं स्पष्ट सांगितलं. केसेलरिंगने ऐकून घेतलं आणि विषय पुढे वाढवला नाही. ते अधिकारी जिवंत मुख्य भूमीवर पोहोचले. ऑक्टोबरच्या सुरुवातीला बेट रिकामं झालं.

त्याच सप्टेंबरमध्ये ग्रीसच्या केफालोनिया बेटावर याच तऱ्हेचा हुकूम जर्मन सैन्याने पाळला. आक्वी डिव्हिजनचे हजारो इटालियन सैनिक आणि अधिकारी मारले गेले, त्यांचा जनरल गांदीनसुद्धा. दोन्ही बेटांवरचे जर्मन अधिकारी एकाच सैन्याचे, त्यांनी शपथ घेतली ती एकाच माणसाची. शेवटी फरक पडला तो तिथे कोण होतं यामुळे.

यानंतर लगेच त्याला १४ वं पँझर कोअर, म्हणजे अनेक डिव्हिजनचं मिळून बनलेलं दल, मिळालं. हे कोअर मूळचं स्टालिनग्राडमध्ये संपलेलं आणि पुन्हा उभं केलेलं. आणि मग आलं कॅसिनो.

नेपल्सहून रोमला जाणारा सहा नंबरचा हमरस्ता लिरी नदीच्या खोऱ्यातून जातो. खोऱ्याच्या तोंडावर आडव्या वाहणाऱ्या नद्या, उजव्या हाताला मोंते कॅसिनो, आणि त्या डोंगराच्या माथ्यावर संत बेनेडिक्टने इसवी सन ५२९ च्या सुमारास स्थापलेला मठ. इथेच जर्मनांची गुस्टाफ रेषा नावाची बचावफळी होती. वाचणाऱ्याला वाटतं की खरी लढाई मठासाठी झाली. पण झेंगरचा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय मठाशी संबंधित नव्हताच. १७ जानेवारी १९४४ च्या रात्री ब्रिटिशांच्या दहाव्या कोअरने समुद्राजवळ गारिल्यानो नदी ओलांडली. तिथली ९४ वी इन्फंट्री डिव्हिजन कच्ची होती. झेंगर स्वतः आघाडीवर गेला, पाहिलं, आणि त्याला कळलं की ही फळी इथून फुटली तर पाठीमागचं सगळं खोरं उघडं पडेल. मधल्या साखळीत वेळ न घालवता त्याने थेट केसेलरिंगला गाठलं आणि रोमजवळ राखून ठेवलेल्या दोन डिव्हिजन मागितल्या. त्या मिळाल्या आणि रेषा टिकली. पण २२ जानेवारीला दोस्त सैन्य रोमच्या दक्षिणेला समुद्रकिनाऱ्यावर आन्झिओला उतरलं तेव्हा रोमजवळ त्यांना अडवायला जवळपास कुणीच उरलं नव्हतं. नकाशा समोर घेऊन हे चार-पाच दिवस एकदा पाहाच.

दरम्यान अमेरिकनांच्या ३६ व्या टेक्सास डिव्हिजनने रापिदो नदी ओलांडायचा प्रयत्न केला. दोन दिवसांत त्यांची सुमारे १,७०० माणसं मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. मठावर १५ फेब्रुवारीला बॉम्बफेक झाली, मार्चमध्ये कॅसिनो गाव बॉम्बखाली भुईसपाट झालं, आणि तरी मे महिन्यापर्यंत डोंगर पडला नाही. ११ मेच्या रात्री शेवटचा मोठा हल्ला झाला तेव्हा झेंगर जर्मनीत होता. परत येईपर्यंत जनरल ज्युआँच्या फ्रेंच कोअरमधल्या मोरोक्कन आणि अल्जेरियन तुकड्यांनी, कुणी जाऊच शकणार नाही असं समजल्या गेलेल्या आउरुंची डोंगरातून वाट काढली होती. १८ मेला पोलिश सैनिक मठाच्या ढिगाऱ्यावर चढले.

पुढचं वर्ष माघारीचं. युद्धानंतरचं आयुष्यही सांगण्यासारखं आहे, ते प्रतिसादांत बोलू.

शांभवी_क
फार छान लिहिलंत दुर्गवाट. केफालोनियाचं माहीत होतं, कॉर्सिकाचं अजिबात नाही. एक प्रश्न: हुकूम नाकारल्याबद्दल त्याला काहीच शिक्षा झाली नाही? आम्ही तर नेहमी वाचतो की नाही म्हणणाऱ्याला थेट भिंतीसमोर उभं करायचे.

दुर्गवाट
शांभवीताई, काहीच झालं नाही. उलट काही दिवसांत त्याच्याकडे कोअर आलं, १ जानेवारी १९४४ ला तो पँझर दलाचा जनरल झाला आणि एप्रिलमध्ये नाइट्स क्रॉसच्या वरचे ओक लीव्ह्ज मिळाले. मधे केसेलरिंग होता आणि त्याने प्रकरण वर जाऊ दिलं नाही, हा भाग आहेच. पण 'आमच्यापुढे पर्याय नव्हता' हे वाक्य न्यूरेंबर्गपासून पुढे प्रत्येक खटल्यात ऐकायला मिळालं, आणि इथे एक कोअर-पातळीचा अधिकारी फोन उचलून नाही म्हणतो आणि त्याच्या केसालाही धक्का लागत नाही. मला हे सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. केफालोनियातल्या अधिकाऱ्यांकडेही फोन होता.

अभ्यासू पांथस्थ
लेख चांगला आहे, पण एक बाजू राहिली असं वाटतं.

पहिली गोष्ट, यातलं बरंचसं आपल्याला झेंगरच्याच तोंडून कळतं. त्याने १९६० मध्ये आठवणी प्रसिद्ध केल्या. त्या काळात जर्मन जनरलांच्या आठवणींचा पूर आला होता आणि सगळ्यांचा सूर एकच: लढलो आम्ही, गुन्हे केले एसएसने (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाने), चुका केल्या हिटलरने. झेंगरची लेखणी इतरांपेक्षा प्रामाणिक आहे हे मान्य. पण प्रवाह तोच.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. २३ ऑगस्ट १९४४ ला तोस्कानात फुचेक्कियोच्या दलदलीत २६ व्या पँझर डिव्हिजनच्या सैनिकांनी पावणेदोनशेच्या घरात नागरिक मारले, त्यांत बायका-मुलं होती. ही डिव्हिजन एसएसची नव्हे, नियमित सैन्याची. तिचा कमांडर क्राझेमान याला ब्रिटिश लष्करी न्यायालयाने पुढे दहा वर्षांची शिक्षा दिली. त्या उन्हाळ्यात आर्नो नदीच्या त्याच भागात झेंगर कोअर कमांडर होता. कॉर्सिकातल्या दोनशे अधिकाऱ्यांसाठी फोन करणारा माणूस तोस्कानातल्या शेतकऱ्यांसाठी काय करत होता, हा प्रश्न विचारायलाच हवा.

तिसरी, ऑक्टोबर १९५०. आयफेलमधल्या हिमेरोड मठात पंधरा माजी अधिकारी जमले आणि नव्या पश्चिम जर्मन सैन्याचा आराखडा तयार झाला. झेंगर त्यांत होता. त्या निवेदनात लष्करी रचनेबरोबर हीही मागणी होती की युद्धगुन्हेगार म्हणून शिक्षा झालेल्या जर्मन सैनिकांना सोडावं आणि जर्मन सैनिकाची 'बदनामी' थांबवावी.

माणकेश्वर
पांथस्थांशी सहमत. आणि हिटलरला मारण्याच्या २० जुलै १९४४ च्या कटातही तो नव्हता. नाझींचा तिटकारा होता असं सगळे सांगतात, पण २ मे १९४५ पर्यंत लढला तो त्यांच्याचसाठी. इतकी कौशल्याने रेषा राखली नसती तर युद्ध काही महिने आधी संपलं असतं आणि तेवढे दिवस छळछावण्या चालल्या नसत्या.

दुर्गवाट
दोघांचेही मुद्दे वजनदार आहेत, म्हणून सविस्तर.

फुचेक्कियोबद्दल: कोअर कमांडर म्हणून त्याच्या आघाडीवर नागरिकांशी सैन्य कसं वागतं याची जबाबदारी त्याच्यापर्यंत पोहोचतेच. केसेलरिंगने १९४४ च्या उन्हाळ्यात बंडखोरांविरुद्ध जे आदेश काढले त्यांत 'जास्त कडकपणा दाखवणाऱ्या अधिकाऱ्याला मी पाठीशी घालीन' असा आशय होता. कॉर्सिकात ज्या केसेलरिंगने डोळेझाक केली तोच हा. अशा आदेशाविरुद्ध झेंगरने कॉर्सिकासारखा फोन केला असता तर आपल्याला तो नक्कीच वाचायला मिळाला असता.

कॉर्सिकात समोर गणवेशातले अधिकारी होते, त्याच्याच वर्गातले, तूरिनमध्ये ज्यांच्यासोबत जेवला तसे. सैनिकी सन्मानाची त्याची कल्पना त्यांच्यापर्यंत लगेच पोहोचली. दलदलीत लपलेल्या शेतकरी कुटुंबापर्यंत ती पोहोचली नाही. माझ्या मते त्याच्या सद्सद्विवेकाची मर्यादा इथे दिसते. पण म्हणून कॉर्सिकातले दोनशे जीव हिशेबातून वजा होत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर राहतात.

माणकेश्वर, तुमचा शेवटचा मुद्दा मी मान्य करतो आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. झेंगरलाही ते कळत होतं, आपण हरणारं आणि हरायलाच हवं असं युद्ध लढतोय याची जाणीव त्याच्या लिखाणात जागोजागी आहे. कळून लढला, हे जास्त कठीण आहे.

डोंगरभटका
मला लढाईच्या बाजूने भर घालायची आहे, कारण १५ फेब्रुवारीला मठासमोर आपली चौथी इंडियन डिव्हिजन होती.

तिचा कमांडर मेजर जनरल टकर मुळातच समोरून हल्ला करायच्या विरोधात होता. डोंगरांतून वळसा घालावा असं त्याचं म्हणणं होतं. पण मठावर जायचंच तर आधी तो पाडायला हवा असा त्याचा आग्रह होता. वरून मठाच्या बांधणीची काहीच माहिती मिळेना, तेव्हा त्याने नेपल्समधल्या पुस्तकांच्या दुकानातून १८७९ चं एक पुस्तक शोधून काढलं. त्यावरून कळलं की भिंती दहा फूट जाडीच्या आहेत. टकर आजारी पडला आणि डिव्हिजन ब्रिगेडिअर डिमोलाइनकडे गेली.

मग जे झालं ते संतापजनक आहे. विमानं आली त्या सकाळी सातवी इंडियन ब्रिगेड मठापासून काहीशे मीटरवर कड्यावर होती आणि तिला वेळेवर कळवलंच नव्हतं. आपलेच जवान बॉम्बच्या तुकड्यांनी जखमी झाले. आणि बॉम्बफेकीनंतर लगेच चाल करायला ब्रिगेड तयारच नव्हती, कारण आधी ५९३ नंबरचं टेकाड घ्यायचं बाकी होतं. रॉयल ससेक्स, राजपुताना रायफल्स, गुरखा एकामागून एक रात्री त्या उघड्या खडकावर खपले. खंदक खणायला माती नाही, दगड रचून आडोसा करायचा. पाणी, दारूगोळा सगळं खेचरांवर आणि माणसांच्या पाठीवर. सह्याद्रीत रात्री कातळकड्यावर वावरलेल्याला यातलं थोडं तरी उमगेल.

मार्चमध्ये १/९ गुरखांची तुकडी मठाच्या अगदी खालच्या 'हँगमन्स हिल'वर पोहोचली आणि आठ-नऊ दिवस विमानातून टाकलेल्या रसदीवर टिकून राहिली. शेवटी माघारी बोलवावं लागलं.

मृण्मयी
मठात जर्मन सैनिक होते की नव्हते?

दुर्गवाट
बॉम्ब पडण्यापूर्वी नव्हते, आणि युद्धानंतर दोस्तांच्या बाजूनेही हे मान्य झालं. मठाभोवती जर्मनांनी प्रवेशबंदीचा पट्टा आखला होता, मोर्चे मात्र खालच्या उतारांवर होते. झेंगरचं म्हणणं शुद्ध लष्करी होतं: इतक्या ठळक इमारतीत निरीक्षक बसवणं मूर्खपणाचं, पहिला गोळा तिथेच पडणार. १९४३ च्या नाताळात तो मठात प्रार्थनेला गेला तेव्हा खिडकीतून बाहेर पाहायचंही त्याने टाळलं, असं त्याने नोंदवलंय.

मठातला ग्रंथसंग्रह आणि कलावस्तू आधीच, १९४३ च्या शरदात, हेर्मान गोरिंग डिव्हिजनच्या श्लेगेल आणि बेकर या दोन अधिकाऱ्यांनी हलवल्या होत्या. त्याचं श्रेय झेंगरला देऊ नये. बॉम्बफेकीत मेले ते आसऱ्याला आलेले इटालियन नागरिक, शेकड्यांनी. आणि ढिगारा झाल्यावर मात्र जर्मन पॅराट्रूपर त्यात शिरले. पडलेल्या भिंतींइतका चांगला मोर्चा दुसरा नाही.

मृण्मयी
आणि मठाधिपती दियामारे? त्यांना माइकसमोर बसवून मुलाखत घेतली ती झेंगरनेच ना? ऐंशीच्या घरातला म्हातारा माणूस, दोन दिवस ढिगाऱ्यात काढून चालत आलेला. श्रद्धाळू माणसाने हे करायला नको होतं.

दुर्गवाट
हो, मुलाखत त्यानेच घेतली, आपल्या मुख्यालयात. मठात सैनिक नव्हते हे दियामारेंनी त्यात सांगितलं, ते खरंच होतं. त्यानंतर बर्लिनच्या प्रचारवाल्यांनी त्यांना वाटेत गाठून आणखी निवेदनं काढून घेतली, त्यावर झेंगर भडकला. पण सुरुवात त्याच्याच खोलीत झाली हा तुमचा आक्षेप मला योग्य वाटतो.

रायगडकर
आमच्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे, व्हिक्टोरिया क्रॉस, इटलीतच पडले. १० जुलै १९४४, तिबेर नदीचं वरचं खोरं, ३/५ मराठा लाइट इन्फंट्री. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा घायाळ झाले तेव्हा एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तर बंदुकीच्या दस्त्याने दोघांना लोळवलं. वय २२. समोर झेंगरचेच लोक होते का?

दुर्गवाट
रायगडकर, नाही. झेंगरचं कोअर तेव्हा पश्चिमेकडे, तोस्कानात होतं. तसंच ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर नगर जिल्ह्याच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला (१/५ मराठा), तेव्हाही तो बोलोन्याच्या बाजूला होता. आघाडी एक, पण मराठा पलटणी आणि त्याचं कोअर या दोन प्रसंगी समोरासमोर नव्हते. मात्र मे १९४४ च्या हल्ल्यात कॅसिनोखाली नदी ओलांडणाऱ्या आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये १/५ मराठा होती.

घाडग्यांच्या स्मरणार्थ मोंतोने गावात जुलै २०२३ मध्ये सूर्यघड्याळाच्या रूपात स्मारक उभं राहिलं आहे.

रायगडकर
धन्यवाद. बरोबर माहिती मिळाली हे महत्त्वाचं, उगाच नाव जोडायला नको.

ऱ्हाइनकाठ
मी बाडेनमध्ये राहतो, म्हणून नंतरच्या आयुष्याबद्दल थोडं. कैदेतून तो १९४८ मध्ये सुटला. काही काळ वेल्समधल्या ब्रिजेंडच्या छावणीत होता, जर्मन जनरल बरेच तिथेच ठेवले होते. परत आल्यावर बोडेन सरोवराजवळच्या सालेम शाळेत काम केलं. ही शाळा कुर्ट हानने काढलेली, नाझींनी हानला देशाबाहेर घालवलं होतं. पुढे लष्करी विषयांवर वर्तमानपत्रं आणि रेडिओसाठी लिहीत राहिला. जानेवारी १९६३ मध्ये फ्रायबुर्गमध्ये वारला.

मुलगा फेर्डिनांडही लष्करात. युद्धात एक हात गमावला, तरी बुंडेसव्हेअरमध्ये, म्हणजे नव्या पश्चिम जर्मन सैन्यात, जनरल झाला आणि नाटोच्या मध्य युरोपातल्या सैन्याचा प्रमुख म्हणून निवृत्त झाला. बाप ज्यांच्याशी लढला त्यांच्याच सैन्याचं नेतृत्व मुलाकडे.

शांभवी_क
शरणागतीचं राहिलं ना?

दुर्गवाट
थोडक्यात सांगतो. एप्रिल १९४५ च्या शेवटी पो नदी ओलांडताना त्याच्या कोअरची जड शस्त्रं आणि वाहनं अलीकडेच राहिली, पूल शिल्लक नव्हते. २९ एप्रिलला कासेर्तामध्ये इटलीतल्या जर्मन सैन्याच्या शरणागतीवर सह्या झाल्या, २ मेपासून ती लागू झाली. ४ मेला आर्मी ग्रुपतर्फे फ्लोरेन्सला अमेरिकन जनरल मार्क क्लार्कसमोर औपचारिक हजेरी लावायला झेंगरला पाठवलं. वर्षभरापूर्वी गारिल्यानो आणि रापिदोवर क्लार्कच्याच आर्मीला त्याने अडवलं होतं.

माणकेश्वर
पुढच्या वर्षी रोमला जाणं होणार आहे. कॅसिनो एका दिवसात होतं का?

डोंगरभटका
होतं. रोमहून थेट लोकल गाड्या आहेत, स्टेशनवरून वर मठापर्यंत वळणावळणांचा रस्ता. मठ जुन्या नकाशाबरहुकूम पुन्हा बांधलाय, १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांनी त्याचं पुनर्पवित्रीकरण केलं. मठाजवळच पोलिश स्मशानभूमी आहे. पण खाली गावाच्या कडेला असलेली राष्ट्रकुलाची दफनभूमी चुकवू नका. चार हजारांवर कबरी आहेत, आणि ज्यांची कबर नाही अशांची नावं कोरलेले उंच हिरवट दगड. भारतीय पलटणींची नावं वाचायला निवांत वेळ ठेवा. जर्मन दफनभूमी उत्तरेला काइरा गावाजवळ आहे, तिथे वीस हजारांहून जास्त. दोन्हींसाठी सकाळी लवकर निघा.